वशिंडवाली गाडी

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, धुळ्याला माहेरी आले की मी आधी घरात शिरत नाही. घराच्या पुढ्यात आबांचं लेथचं दुकान आहे, तिथे डोकावते आणि मग मागे जाते. आबा म्हणजे माझे वडील. वहिनीला आधी याचा राग यायचा, आता तिने सोडून दिलं आहे. यंदाही जळगावहून दुपारच्या बसने आले, उन्हाने डोकं तापलेलं, आणि अर्ध्यावर उचललेल्या शटरखालून वाकून पाहिलं तर आत ती उभी.

ती म्हणजे लाल गाडी. आता लाल म्हणायची सोय राहिलेली नव्हती, ऊन खाऊन खाऊन तिचा रंग विटेवर गेला होता. चारही टायर बसलेले, पुढचा एक दिवा गायब. दोनच दारं, जमिनीला टेकलेलं पोट, मागे उगाच उंच केलेली शेपटी. आणि बॉनेटच्या बरोबर मधोमध तो उंचवटा, बैलाच्या वशिंडासारखा. तो मात्र जसाच्या तसा होता. आपली जुनी चूक अशी वडिलांच्या दुकानात येऊन उभी राहील, असं कुणाला वाटतं?

मी दार उघडून आत बसले. रेक्झिन तडकलेलं, खालचा काथ्या बाहेर आलेला. उंदरांचा वास होता, गंजाचा होता, आणि त्याच्याही खाली केळीच्या वाळलेल्या पानांचा एक वास होता. तो इतकी वर्षं टिकणं शक्य नाही हे मला कळतं. पण मला आला.

कारण ती गाडी आमच्याकडे आली होती तीच केळीच्या पानांत. शरदभाऊ म्हणजे सावद्याकडचे केळीवाले. तेव्हा तिशीतले, केस मानेपर्यंत, शर्टाची दोन बटणं उघडी. त्यांच्या केळीचा ट्रक मुंबईला भरून जायचा आणि रिकामा परत यायचा. एकदा तो रिकामा आला नाही. मुंबईत कुणाच्या तरी आवारात बिनइंजिनाची ही गाडी त्यांनी पाहिली, आणि दोरखंडाने बांधून, वरून वाळली पानं टाकून थेट आमच्या दारात उतरवली. पानं बाजूला केली तेव्हा गल्लीतली सगळी माणसं जमली होती. लाल चकचकीत धूड पाहून एक आजी म्हणाल्या, हिच्यात बसायचं की निजायचं?

"आबा, इंजिन कोनचंबी टाका," शरदभाऊ म्हणाले होते, "पन आवाज असा पाह्यजे का सावद्याले कळलं पाह्यजे मी भुसावळाहून निघालो."

माझी बारावी झाली ते वर्ष. मला आयटीआयला टर्नरच्या कोर्सला जायचं होतं. मुलगी आणि लेथ, यावर नातेवाइकांनी मनसोक्त हसून घेतलं होतं. आबा मात्र येईल त्याला सांगायचे, "मनी आंडेरना हात सुतमा शे." माझ्या मुलीचा हात सरळ रेषेत चालतो, असं. ते ऐकलं की मी खाली मान घालून लोखंडाचा कीस झाडत बसायचे, म्हणजे खुशी दिसू नये.

दोन महिने ती गाडी आमचं घर होती. इंजिन आलं एका उंच गाडीचं, गिअरबॉक्स जीपची, आरसे कुणाचे ते देवाला ठाऊक. एकही वस्तू दुसरीला ओळखत नव्हती. आबा त्यांची ओळख करून द्यायचे. भोकं जुळत नसतील तर मधे पट्टी, पट्टी जाड झाली तर लेथवर उतरव, बोल्ट लांब असेल तर काप. सकाळी दुकान उघडलं की लेथवर टाकायच्या दुधाळ पाण्याचा वास यायचा, मग तापल्या लोखंडाचा, मग शेजारून रशीदचाचांच्या ठोक्यांचा आवाज. रशीदचाचा डेंटर. पत्रा ठोकून सरळ करायचा हा त्यांचा धंदा, आणि सोनगीरच्या तांबटांकडून आणलेली एक लाकडी मोगरी हे त्यांचं दैवत. दुपारी वरचा पत्रा उन्हाने टकटक वाजायचा आणि खालून चाचांची मोगरी टकटक वाजायची. त्या तालावर मला झोप यायची. ते दोन महिने मी फार सुखात होते, आणि हे मला तेव्हाच कळत होतं.

आबांची एक पद्धत होती. दोन वस्तूंच्या मधली जागा, जिथे डोळा पोचत नाही आणि पट्टी शिरत नाही, तिथे ते कणिक वापरायचे. पोळ्यांची साधी कणिक, पण घट्ट मळलेली. तिचा गोळा ठेवायचा, वरून तेलाचं बोट फिरवायचं, झाकण हळूच दाबून बंद करायचं, आणि उघडलं की चेपलेला गोळा जेवढा जाड तेवढी जागा. तो कॅलिपरने मोजायचा आणि मग लेथ सुरू करायचं. माय कुरकुरायची, "माणसं खातस का इंजिन खास?" पण रोज एक गोळा काढून ठेवायची.

शेवटचं काम राहिलं होतं एका कडीचं. इंजिनच्या डोक्यावर हवा गाळायचा डबा बसतो, त्याच्याखाली ती कडी. डबा खाली बसवावा तर शेजारच्या नळीला घासतो, वर उचलावा तर बॉनेट लागत नाही. मधे जी काय जागा मिळेल तेवढीच उंच कडी करायची. दिवस नेमका आखाजीचा. शरदभाऊंच्या बहिणी माहेरी आलेल्या, त्यांना संध्याकाळच्या आत गाडी दाखवायची होती. ते सकाळीच येऊन बसले होते. गल्लीत लिंबाला झोका बांधलेला, पोरी गात होत्या, आणि आमच्या अंगणात उलट्या खापराखाली चूल पेटलेली. माय आणि दोन्ही आत्या मांडे करत होत्या.

आबांनी हाक मारली, "पोरी, कणिक आन."

घरात घट्ट कणिक नव्हती. होती ती मांड्यांची. मांड्यांची कणिक कशी असते हे खान्देशात कुणाला सांगायला नको. तासभर आपटून आपटून ती अशी करतात की दोन्ही हातांवर फिरवली की हातभर पसरते, ओढली की लांबते आणि सोडली की परत आखडते. मायला मी दुसरी मळून मागितली. तिचे हात कोपरापर्यंत भरलेले. म्हणाली, "हाईच ली जाय, लोखंडले काय समजस?" मी एक गोळा घेतला आणि पळत आले. मला माहीत होतं. अठरा वर्षांची होते, मांडे करता येत होते, ही कणिक चेपून चेपलेली राहत नाही हे मला पक्कं माहीत होतं. पण झोक्यावर माझा नंबर लागलेला होता.

मी गोळा ठेवला, बॉनेट दाबलं, उघडलं, गोळा ताटलीत काढून आत लेथपाशी नेऊन दिला. तेवढ्या वेळात तो आखडून पुन्हा जाड झाला. आबांनी तो मोजला. त्यांनी अगदी बरोबर मोजला.

कडी झाली, डबा चढला. शरदभाऊ म्हणाले, मी लावतो बॉनेट. आणि त्यांनी ते लावलं, म्हणजे वरून सोडलं. असा आवाज झाला की झोक्यावरचं गाणं थांबलं. लाल बॉनेटच्या मधोमध आतून टेंगूळ आलं होतं आणि त्याच्यावरचा रंग तडकला होता.

आबांनी टेंगळावर हात ठेवला. मग म्हणाले, "मनी चूक. मनाकडथून मोजामा चूक व्हयनी." ते शरदभाऊंना सांगत होते, पण पाहत होते हातातल्या कॅलिपरकडे. मी ताटली पाठीमागे धरून उभी होते. मी मूग गिळून बसले. खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं? फार तर एक धपाटा. पण मला दिसत होतं की सुतातला हात खोटा ठरेल, आयटीआय राहील बाजूला आणि नातेवाईक पुन्हा हसतील.

रशीदचाचा मोगरी घेऊन आले, टेंगळावरून बोट फिरवलं आणि हसले. "मुँह कायको उतारे आबा? पत्रा है. इसकोच शान बना देता मैं." दुपारभर ते ठोकत बसले. आत दबलेलं वर घेतलं, वर आलेलं गोल केलं, आणि संध्याकाळी त्या टेंगळाचं वशिंड झालं होतं. शरदभाऊ इतके खुश झाले की त्यांनी चाचांना उचलून घेतलं. पुढे रावेर-यावलपर्यंत लोक तिला वशिंडवाली म्हणूनच ओळखायचे, आणि ती मुद्दाम केलेली फॅशन आहे असं समजायचे.

चूक अशी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर सजून गेली, पण आबांच्या आत ती तशीच राहिली. त्या पावसाळ्यात त्यांनी चष्मा बदलला. दिवाळीला परत बदलला. मोजलेलं तीनदा मोजायला लागले, मग दुसऱ्याकडून मोजून घ्यायला लागले, मग बारीक कामं घेणंच बंद केलं. ट्रॅक्टरच्या पिना, नांगराचे बोल्ट, जिथे इकडचं तिकडे झालं तरी चालतं, तेवढंच ठेवलं. कुणी पंपाचा शाफ्ट घेऊन आला की म्हणायचे, "मना डोयासवर आते भरोसा नई, भो."

मी आयटीआयला गेले. शिकले, आणि पुढे जळगावच्या आयटीआयमध्ये शिकवायला लागले. दर वर्षी नव्या पोरांना पहिल्या दिवशी मोजमाप शिकवते आणि दर वर्षी माझे कान गरम होतात. दर आखाजीला धुळ्याला येताना पारोळ्यापाशी ठरवायचे की या वेळी सांगायचं. आधी भीती होती, मग लाज, मग सवय झाली. वशिंड घडवणारे रशीदचाचा गेले, कणिक देणारी माय गेली. ते गुपित आता एकट्या माझ्याकडे उरलं होतं.

गाडीत बसून मी हे सगळं चघळत होते तेव्हा मागच्या दाराने आबा आणि शरदभाऊ आत आले. शरदभाऊंचे मानेवरचे केस राहिले नव्हते, मानेवर उपरणं होतं. वय झालं की माणसं हळू बोलतात, ते अजून तसेच मोठ्याने बोलत होते.

"पाह्य व ताई," मला म्हणाले, "तीन ग्यारेजवाल्याइले दाखवली. एक म्हने पार्ट नंबर सांगा. आता हिले नंबर कुठून आनू? इंजिनखालचे रबर सडले, नवे टाकले तं इंजिनच बोटभर वर आलं. आता वशिंडातबी मावत नही. पट्टा बसत नही, नळी बसत नही. पोरगा म्हनतो भंगारात द्या. मी म्हनलं, ज्यानं केली त्याले विचारतो. मले काही शर्यत नही लावनी. एकदा माह्या हातानं गावात नेली म्हनजे झालं."

आबांनी गाडीभोवती एक फेरी मारली. बॉनेट उचललं, आत वाकून पाहिलं, आणि त्यांचा हात आपसूक वशिंडाच्या पोकळीत गेला. तिथे थोडा थांबला. मग त्यांनी बॉनेट खाली ठेवलं.

"पोऱ्या बरोबर सांगस," ते म्हणाले. "भंगारमा दी टाक, शरद. तवयबी माले मोजता उनं नई. आते तं अठ्ठ्याहत्तर व्हयनात."

शरदभाऊ पुढे सरकले. उपरण्याच्या टोकाने त्यांनी बॉनेटवरची धूळ पुसली, एवढीशीच, ताटाएवढी. आबा खाटेवर जाऊन बसले. मला दिसत होतं की ते गाडीबद्दल बोलतच नव्हते. ते स्वतःला भंगारात देत होते, आणि तेही माझ्या खोट्यावरून.

"आबा," मी म्हणाले, "ती कणिक मांड्यांची होती."

पुढचं सगळं मी एका दमात सांगितलं. मायचे भरलेले हात, झोका, ताटली, सगळं. सांगताना मी सेहेचाळीस वर्षांची बाई हुंदके देत होते आणि शरदभाऊंसमोर देत होते. आबा ऐकत राहिले. मला वाटलं ते म्हणतील, जाऊ दे पोरी. म्हातारी माणसं असंच म्हणतात ना?

आबा उठून उभे राहिले. "अठ्ठावीस वरीस!" त्यांचा आवाज चिरकला. "अठ्ठावीस वरीस मी चष्मा बदलत राह्यनू, आनि तू तोंड शिवीसन बसनी? मना डोयासले मी शिव्या दिध्यात! मना डोयासले!"

शरदभाऊंना मात्र हसू आवरेना. "म्हनजे माह्या गाडीचं वशिंड मांड्याचं हाय!" आणि आबांच्या तोंडाकडे पाहून ते गप्प झाले. आबा घरात निघून गेले. त्या रात्री ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत आणि माझ्या हातचं पाणीही त्यांनी घेतलं नाही. मला रडू येत होतं, आणि खरं सांगायचं तर छातीवरचं काही तरी उतरलंही होतं.

सकाळी जाग आली ती लेथच्या आवाजाने. ओळखीची घरघर, थोडी दमेकरी. आबा लेथ पुसून रिकामं फिरवत होते. शरदभाऊ रात्री धुळ्यातच बहिणीकडे राहिले होते, ते येऊन स्टुलावर बसलेले. मला पाहून आबा शरदभाऊंना म्हणाले, "तिले सांग, कणिक घट्ट मयजो. पोयासनी."

मी पोळ्यांचीच मळली. अशी मळली की बोट रुतेना. तोवर बाकीच्या जुळवाजुळवीचं मी माझ्याकडे घेतलं, कारण पार्ट नंबर नसले तरी मला आठवत होतं. पंख्याचा पट्टा कुठल्याच गाडीचा नव्हता. तो कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीचा होता. आबांनी तो आणला तेव्हा माझे हात पिठाने पांढरे झाले होते. गिरणी अजून आहे, पट्टाही मिळाला आणि लगेच बसला. वळणाची नळी विहिरीचं पाणी उपसायच्या डिझेल इंजिनाची. तिच्यासाठी ते इंजिन पाहायला आम्ही तेव्हा पांझरा नदीच्या पलीकडे गेलो होतो, तिथल्या मळ्यात मी पोटभर हरभरा खाल्ला होता. तीही मिळाली. शरदभाऊंनी दुसरे टायर आणून चढवले, आणि प्रत्येक वस्तू आली की ते टाळी वाजवत होते.

कणकेला आबांनी मला हात लावू दिला नाही. गोळा त्यांनी स्वतः ठेवला, तेल फिरवलं, बॉनेट स्वतः दाबलं आणि तिथेच वाकून मोजला. एकदाच मोजला. आकडा खडूने लेथच्या पत्र्यावर लिहिला. पण लोखंड कापताना त्यांचा हात थरथरतो, म्हणून नवी कडी मी करायची ठरली, अर्थात शरदभाऊंमार्फत. मी माझा डिजिटल कॅलिपर काढला, वर्गातल्यासारखी बाही वर केली आणि कडी उतरवली. चकचकीत. आकड्याबरहुकूम. पुसून आबांच्या पुढे धरली.

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. अंगठा आणि तर्जनीमध्ये कडी धरून ती हळूहळू फिरवली. एकदा, दोनदा.

"हाई नखभर जास्त शे," ते म्हणाले. थेट मला. "परत कर."

"आबा, मशीनने मोजली आहे मी."

"मशीनले इचार."

मी कॅलिपर पुन्हा मिटवून पाहिला. मिटलेला असताना त्याने शून्य दाखवायला हवं. तो शून्य दाखवत नव्हता. बसच्या प्रवासात कधी तरी त्याचं बटण दाबलं गेलं असणार, आणि पहिल्याच धड्यात पोरांना शिकवते ते, आधी शून्य बघा, ते मीच विसरले होते. कडी खरोखरच जास्त होती, नखभर. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, चष्म्याशिवाय, नुसत्या चिमटीत त्यांना ते कळलं होतं. माझी चूक निघाली आणि मला इतकं बरं वाटलं की मी तिथेच खाली बसले.

आबांनाही कळलं होतं. त्यांनी स्वतःचा अंगठा डोळ्यांसमोर धरून पाहिला आणि धोतराला पुसला. मग शरदभाऊंकडे वळून जरा जास्तच मोठ्याने म्हणाले, "मास्तरीण शे म्हने!"

दुसरी कडी बसली. या वेळी बॉनेट कुणी सोडलं नाही, आबांनी दोन्ही तळवे टेकवून ते खाली नेलं आणि ते मुकाट लागलं. गाडी चौथ्या खेपेला सुरू झाली. धूर सगळ्या दुकानात भरला, वहिनी नाकाला पदर लावून धावत आली, आणि आवाज असा झाला की शरदभाऊंनी डोळे मिटून घेतले. त्यांनी आबांना पुढे बसवलं. मी दार धरून उभी राहिले, तर आबा म्हणाले, "तू नको येऊ." राग अजून होताच. तो त्यांचा हक्क होता, मी बाजूला झाले.

हायवेने सोनगीरपर्यंत जाऊन यायला त्यांना दोन तास लागले. त्या दोन तासांत मी लेथखालचा सगळा कीस झाडून काढला आणि शंभर वेळा रस्त्यावर येऊन पाहिलं. आली ती आधी ऐकू आली. कोपऱ्यावर पोरं मागे धावत होती. आबा उतरले तेव्हा त्यांचे पांढरे केस वाऱ्याने उभे राहिले होते आणि हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काही तरी जड होतं.

"सोनगीरले च्या प्यायला थांबलो," शरदभाऊ सांगू लागले, "तं तिथं एक मानूस पंपाचा शाफ्ट घेऊन बसेल. धुळ्यात कोनी करून देईना म्हने. तं आबाइनं त्याच्या हातातून हिसकूनच घेतला."

आबांनी तो शाफ्ट लेथवर ठेवला आणि पाठ माझ्याकडे असतानाच विचारलं, "सकायनी बसमा जाई राह्यनी का तू?"

"हो, आबा. परवापासून वर्ग आहेत."

"दोन दिन थांब," आबा म्हणाले. "हाऊ मी मोजसू. तू काप."

मी जळगावला फोन लावला आणि रजा मागितली.